अक्षय निधि : पंडिता रमाबाईंचा द्रव्यविचार

१

एकोणिसाव्या शतकांत महाराष्ट्रांतील जे लोक ख्रिस्ती झाले त्यांच्याविषयीं दोन समज फार दिवस रूढ आहेत. पहिला समज असा कीं, धर्मांतराच्या मुळाशीं बहुधा पोटाचा प्रश्न असतो. मिशनचा पैसा, मिशनची शाळा आणि मिशनची नोकरी यांच्या आधारानें धर्म बदलला जातो, व श्रद्धेची भाषा मागाहून येते. दुसरा समज भाविक चरित्रकारांचा. त्यांच्या मतें ज्यानें ख्रिस्ताचा आश्रय केला त्याला द्रव्याची वार्ताहि उरली नाहीं. हे दोन्ही समज सोयीचे आहेत. आणि जो समज सोयीचा असतो तो अभ्यासकानें दुप्पट सावधगिरीनें तपासावा लागतो.

प्रस्तुत लेखांत ही तपासणी एकाच व्यक्तीपुरती करावयाची आहे. ती व्यक्ति म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). त्यांची निवड करण्याचें कारण असें कीं, बाईंनीं उपासमार भोगली, पुढें परदेशांतून आलेल्या मोठमोठ्या रकमा स्वतःच्या हातानें खर्च केल्या, आणि या दोन्ही अवस्थांविषयीं त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें. १९०७ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मनिवेदनाचें नांवच ‘आमच्या अक्षय निधीची साक्ष’ अशा अर्थाचें आहे. निधि हा शब्द जमाखर्चाच्या वहींतला, व अक्षय हा श्रद्धेचा. या दोहोंची सांगड बाईंनीं कशी घातली, हाच आपला प्रश्न आहे.

साधनांविषयीं एक गोष्ट आरंभींच सांगितली पाहिजे. सदर आत्मनिवेदन लिहिलें गेलें तेव्हां बाईंचें वय पन्नाशीच्या घरांत होतें, व त्यांचा वाचकवर्ग मुख्यतः परदेशांतील श्रद्धाळु ख्रिस्ती लोकांचा होता. बालपणीच्या घटना त्यांत धर्मांतरानंतरच्या दृष्टीनें सांगितल्या आहेत. म्हणून त्यांतील घटना एका बाजूस व त्या घटनांवरील भाष्य दुसऱ्या बाजूस, असा विवेक ठेवूनच तें वाचावें लागतें. १८९७ सालचें त्यांचें दुष्काळाविषयींचें लेखन आणि अ. भि. शहा यांनीं १९७७ सालीं संपादित केलेला त्यांचा पत्रव्यवहार हीं साधनें यासाठीं फार उपयोगी पडतात; कारण पत्रांतील रमाबाई उपदेश करीत नाहींत, त्या भांडतात, शंका काढतात व हिशेबहि मांडतात.

२

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मंगळूरकडील माळहेरंजीचे. पत्नीस संस्कृत शिकविल्यामुळें त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला, आणि त्यांनीं सह्याद्रींतील गंगामूळ येथें अरण्यांत आश्रम केला. तेथेंच २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. शास्त्रीबोवांपाशीं आरंभीं द्रव्य होतें. परंतु विद्यार्थी, अतिथि व यात्रेकरू यांच्या आदरसत्कारांत तें आटलें, वर कर्ज झालें, आणि मुलगी सहा महिन्यांची असतांनाच कुटुंबास आश्रम सोडून तीर्थयात्रेची वाट धरावी लागली. पुढें पुराण सांगणें हीच वृत्ति झाली. देवळांत किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचावें, आणि श्रोत्यांनीं पोथीपुढें जें धान्य, वस्त्र वा द्रव्य ठेवावें त्यावर निर्वाह करावा, असा क्रम अनेक वर्षें चालला.

येथें अनंतशास्त्र्यांच्या द्रव्यविचाराचें स्वरूप ध्यानीं घेण्यासारखें आहे. ते लोभी मुळींच नव्हते. द्रव्य सांचविणें त्यांस ठाऊक नव्हतें. तें पुण्याकडे वळविणें त्यांस ठाऊक होतें. दान, व्रत, तीर्थ, ब्राह्मणभोजन यांवर वेंचलेला पैसा अदृश्य भांडारांत जमा होतो आणि वेळ येतांच देव तो परत करतो, अशी त्यांची निष्ठा होती. मागणें किंवा अंगमेहनत करणें मात्र शास्त्र्याच्या प्रतिष्ठेस शोभणारें नव्हतें. १८७० ते १८८० या दशकांत मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला तेव्हां या दोन्ही गोष्टींची परीक्षा झाली. दागिने गेले, भांडीं गेलीं, वस्त्रें गेलीं. शेवटचा तांदूळहि संपला. अकरा दिवस आपण पाणी, झाडाचीं पानें व मूठभर रानखजूर यांवर काढले, असें रमाबाई सांगतात. शेवटीं वडील, मग आई आणि त्यानंतर थोरली बहीण, अशीं तिघेंहि कांहीं महिन्यांच्या आंत मरण पावलीं. उरलीं तीं भाऊ श्रीनिवास व रमा.

बाईंचें भाष्य असें कीं, ज्या देवांवर विश्वास ठेविला ते पावले नाहींत. हें भाष्य नंतरचें आहे, आणि त्यास धर्मवादाचा रंग आहे. दुष्काळांत ख्रिस्ती, मुसलमान, हिंदु असे सर्वच मेले, हें आपण विसरूं नये. परंतु घटनेंतून निघणारा दुसरा अर्थ वादातीत आहे. रमाबाईंनीं वयाच्या विसाव्या वर्षापूर्वींच पाहिलें कीं, द्रव्याविषयींची उदासीनता ही एकटी माणसाला समाधान देत नाहीं. वडील उदासीन होते, आणि घर उपाशी मेलें. पुढील आयुष्यांत बाईंनीं विरक्तीचें कौतुक फारसें केलें नाहीं, त्याचें मूळ येथें असावें.

३

यानंतर भावाबहिणींनीं पायीं हजारों मैल प्रवास केला. उत्तरेंत थंडीच्या दिवसांत पांघरूण नाहीं म्हणून नदीकांठच्या वाळूंत खड्डे करून, मान तेवढी बाहेर ठेवून, रात्रीं काढल्याचें बाईंनीं लिहिलें आहे. १८७८ सालीं दोघें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशीं नोंदणीपद्धतीनें विवाह केला. १८८१ सालीं मनोरमा ही मुलगी झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पति पटकीनें गेले. चोविसाव्या वर्षीं विधवा, पदरीं तान्ही मुलगी, अशा अवस्थेंत त्या पुण्यास आल्या. त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला व ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहिलें.

या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा त्यांनीं इंग्लंडच्या प्रवासास लावला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनीमंडळानें त्यांस आश्रय दिला. परंतु तो फुकट घेण्यास बाई तयार नव्हत्या. हिंदुस्थानांत येऊं घातलेल्या भगिनींना आपण मराठी शिकवावें व त्याच्या मोबदल्यांत राहण्याजेवण्याची सोय व्हावी, असा त्यांचा करार होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढें चेल्टनहॅम येथील महिला विद्यालयांत त्या शिकल्या व संस्कृत शिकवूं लागल्या.

पोटासाठीं धर्म सोडला, हा आक्षेप बाईंवर त्याच वेळीं आला. त्यांचे या काळांतील पत्रव्यवहार पाहिले तर आक्षेप टिकत नाहीं. ज्यांच्या घरीं राहावयाचें त्यांचेंच म्हणणें मान्य केलें असतें तर बाईंचें जीवन पुष्कळ सुखाचें झालें असतें. उलट त्यांनीं सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं व धर्माधिकाऱ्यांशीं त्रैक्य, धर्माधिकार आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धि यांविषयीं प्रखर वाद घातला. आपण अन्न घेतलें याचा अर्थ मन विकलें असा होत नाहीं, हा त्या वादाचा मथितार्थ होता. ज्या नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लिखाणानें बाईंच्या धर्मविचारास वळण लावलें, त्यांचेंहि उदाहरण याच जातीचें आहे. १८४८ सालीं जौनपूर येथें ख्रिस्ती झालेल्या या शास्त्र्यानें पुढील सारें आयुष्य अत्यंत अल्प गरजांत घालविलें, आणि १८९५ सालीं तो वारला तेव्हां त्याच्यामागें द्रव्य नव्हे तर ग्रंथ उरले.

४

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानप्रसंगीं रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या, आणि येथून त्यांच्या आयुष्यांत द्रव्याचें दुसरें पर्व सुरू झालें. उच्चवर्णीय हिंदु स्त्रीची स्थिति वर्णन करणारें त्यांचें इंग्रजी पुस्तक १८८७ सालीं निघालें व खूप खपलें. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथें रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या लोकांनीं या मंडळास वर्गणी दिली, आणि विधवांसाठीं शाळा काढण्यास १० वर्षें मदत करण्याचें अभिवचन दिलें. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस चौपाटीवर शारदासदन उघडलें. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. याच पुढें १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आलें.

बोस्टनच्या पैशाला दोन बंधनें होतीं. एक मुदतीचें व दुसरें धोरणाचें. शाळेंत धर्मशिक्षणाची सक्ति असूं नये, मुलींना आपापला आचार पाळतां यावा, असें ठरलें होतें, आणि बाईंनीं तें मान्यहि केलें होतें. परंतु बाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, दार उघडें असे, व कांहीं मुली आपण होऊन येऊन बसत. या मुद्द्यावर पुण्यांत वादळ उठलें. ‘केसरी’नें कठोर टीका केली, १८९३ सालीं सल्लागार मंडळांतून रानडे व भांडारकर यांसारखे सहानुभूतीचे लोकहि बाहेर पडले, अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या.

या प्रकरणांत दोष कोणाचा, हा वाद शंभरांहून अधिक वर्षें चालू आहे. सुधारकांची अडचण खरी होती. शाळा धर्मनिरपेक्ष आहे या भरंवशावर त्यांनीं लोकांच्या लेकीसुना तेथें पाठविल्या होत्या, आणि बाईंच्यासारख्या तेजस्वी स्त्रीच्या सहवासांत ‘आपण होऊन’ या शब्दांस कितीसा अर्थ उरतो, हा प्रश्न त्यांनीं विचारला तर तो अयोग्य म्हणतां येत नाहीं. बाईंची अडचणहि तितकीच खरी होती. ज्या श्रद्धेसाठीं त्यांनीं जात, गोत व लौकिक यांचा त्याग केला ती स्वतःच्या घरांत दार लावून लपवावी, अशी अपेक्षा त्यांस अपमानाची वाटली. आपल्या प्रश्नापुरतें एवढें खरें कीं, बाईंना या वेळीं दिसून आलें कीं, मुदतीच्या व अटीच्या पैशावर उभारलेलें काम हें दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेलें घर होय.

५

याच सुमारास बाईंच्या आंतील जीवनांतहि पालट झाला. बाप्तिस्म्यास आठ वर्षें झालीं तरी आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाहीं, असें त्यांस वाटूं लागलें होतें. १८९१ च्या सुमारास ही रुखरुख संपल्याचें त्या सांगतात. त्यानंतरच्या वाचनांत तीन पुस्तकांनीं त्यांचा द्रव्यविचार बदलला. एक हडसन टेलर यांच्या चीन इनलँड मिशनची हकीकत, दुसरें ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचें वृत्त, आणि तिसरें न्यू हेब्रिडीज बेटांतील जॉन पेटन यांचें चरित्र. तीं वाचून, इतर देशांत जो विश्वास टिकला तो हिंदुस्थानांत कां टिकूं नये, असा प्रश्न बाईंच्या मनांत उभा राहिला.

यांपैकीं म्यूलर यांची रीत थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. १८०५ सालीं प्रशियांत जन्मलेले हे गृहस्थ १८२९ सालीं इंग्लंडांत आले. त्या काळीं तेथील देवळांत बसण्याच्या बांकांचें भाडें घेत, व त्यांतून उपदेशकाचा पगार निघे. ज्याच्यापाशीं पैसा त्याला पुढची जागा, ही रीत ख्रिस्ताच्या शिकवणीशीं विसंगत म्हणून म्यूलर यांनीं १८३० सालीं ठराविक पगारच सोडला. १८३६ सालीं त्यांनीं ब्रिस्टल येथें अनाथगृह उघडलें. नियम असा कीं, कोणाही माणसापाशीं पैसा मागावयाचा नाहीं, कर्ज काढावयाचें नाहीं, गरज फक्त प्रार्थनेंत सांगावयाची. १८७० पर्यंत ॲशली डाउन येथें पांच मोठ्या इमारती झाल्या. त्यांच्या हयातींत सुमारें १०,००० अनाथ मुलांचा सांभाळ झाला, व सुमारें १४–१५ लाख पौंड त्यांच्या हातून गेले. १८९८ सालीं ते वारले तेव्हां त्यांची खासगी मालमत्ता सुमारें १६० पौंडांची निघाली.

टीकाकारांनीं म्यूलर यांच्यावर असा आक्षेप घेतला कीं, दरवर्षीं छापील अहवाल काढून ‘आम्ही कोणापाशीं मागत नाहीं’ असें सांगणें हेंहि एक प्रकारें मागणेंच होय. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. परंतु पगार, भाडें आणि कर्ज या तिन्ही गोष्टींत देणाऱ्याची सत्ता घेणाऱ्यावर चालते. दानाचा अहवाल छापण्यांत ती तेवढी चालत नाहीं. म्यूलर यांनीं पैसा टाकला नव्हता, पैशाची सत्ता टाकली होती. रमाबाईंनीं उचललें तें हेंच मर्म.

६

बाईंनीं हें मर्म उचललें, पण आपल्या स्वभावाप्रमाणें उचललें. त्या शेतकऱ्यासारख्या व्यवहारी होत्या. बोस्टनची १० वर्षें संपल्यावर काय, हा विचार करून त्यांनीं पुण्याच्या पूर्वेस दौंडच्या वाटेवर केडगांव येथें सुमारें १०० एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, आंबा, संत्रें अशीं फळझाडें लावलीं. झाडांच्या उत्पन्नावर सदन चालावें, असा हिशेब होता. परंतु १८९६–९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, आणि आपल्या आईवडिलांचे अखेरचे दिवस ज्यांनीं पाहिले होते त्या बाईंना स्वस्थ बसवेना. त्या स्वतः दुष्काळी मुलखांत गेल्या व सुमारें ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्याच वेळीं पुण्यांत प्लेग होता. शहरांत नवीं माणसें ठेवण्यास सरकारी मनाई झाली. म्हणून सर्वांस केडगांवच्या उघड्या माळावर नेणें प्राप्त झालें. झाडांना अजून फळ धरलें नव्हतें. जो हिशेब केला होता तो मोडला, आणि ‘मुक्ति’ची वस्ती हिशेबाबाहेर उभी राहिली.

१८९८ सालीं बोस्टनची मुदत संपली. बाई अमेरिकेस गेल्या, आणि जुन्या मंडळाच्या जागीं अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झालें. या वेळीं त्यांनीं आपलें काम उघडपणें ख्रिस्ती आहे हें स्पष्ट केलें. ज्यांना तें मान्य त्यांनींच मदत करावी, हा मार्ग पत्करला. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां पुनः शेंकडों स्त्रिया आणिल्या गेल्या, आणि वस्ती २,००० च्या घरांत गेली. पाऊस नाहीं, विहिरी दररोज तळास जात, आणि सकाळीं पुनः दिवसापुरतें पाणी येई, असें बाईंनीं लिहिलें आहे. झऱ्याच्या पाण्याविषयीं शंका घेणारास भूगर्भशास्त्र कारण सांगेल; परंतु दोन हजार माणसांची तहान डोळ्यांपुढें असतांना रात्रीं झोंप लागण्याचें कारण भूगर्भशास्त्र सांगूं शकत नाहीं. तें कारण बाईंपाशीं होतें, आणि त्यासच त्या निधि म्हणत.

तथापि केडगांव म्हणजे हात जोडून वाट पाहणाऱ्यांची वस्ती नव्हती. शेती, दुधाचीं जनावरें, तेलाचा घाणा, विणकाम, शिवण, धुलाई, छापखाना असे अनेक उद्योग तेथें चालत व मुली ते शिकत. अंगमेहनतीचा जो संकोच बाईंच्या वडिलांच्या घराला नडला, त्याचा मागमूसहि येथें ठेविला नाहीं. विश्वास व श्रम यांचा विरोध बाईंनीं कधीं मानला नाहीं. त्यांचा विरोध होता तो उद्यांची हमी आजच हातीं असल्यावांचून पाऊल न उचलण्याच्या वृत्तीशीं.

७

येथें पहिल्या आक्षेपाकडे परत आलें पाहिजे, कारण तो रमाबाईंच्या बाबतींत खोटा ठरला म्हणून मुक्तींतील प्रत्येक मुलीच्या बाबतींत खोटा ठरत नाहीं. दुष्काळांत मरणाच्या दारांतून आणिलेली बारा वर्षांची मुलगी, जिला घर नाहीं, जात परत घेत नाहीं, आणि जिच्या तोंडीं पहिला घांस ख्रिस्ती हातानें पडला, तिनें पुढें बाप्तिस्मा घेतला तर त्यांत श्रद्धा किती व कृतज्ञता किती, याचें माप कोणापाशीं आहे? १९०५ सालीं मुक्तींत धर्मजागृतीची मोठी लाट आली व शेंकडों मुलींनीं विलक्षण भावावेश अनुभवला, हें प्रसिद्ध आहे. समकालीन हिंदु टीकाकारांना तेथें अन्नाचा दाब दिसला. समकालीन मिशनऱ्यांना पवित्र आत्मा दिसला. मुलींचें स्वतःचें म्हणणें मात्र बहुतांशीं दुसऱ्यांच्या लेखणींतून आलेलें आहे, आणि या मर्यादेमुळें या प्रश्नाचा निकाल एका वाक्यांत लावणें हें अभ्यासाला धरून होणार नाहीं.

परंतु एक तुलना करतां येते. त्या दुष्काळांत या मुलींपुढें पर्याय कोणते होते? मरण, कुंटणखाना, किंवा कोणातरी संस्थेचें दार. कुंटणी दुष्काळी मुलखांत फिरत होत्या, याचा बाईंनीं संतापानें उल्लेख केला आहे. त्या वेळीं निराश्रित स्त्रियांसाठीं दार उघडणाऱ्या हिंदु संस्था फार थोड्या होत्या. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा, व तोहि अगदीं लहान. टीका करणाऱ्या समाजानें अन्न दिलें असतें, तर अन्नाच्या दाबाचा प्रश्नच उरला नसता. हें उत्तर बाईंचा बचाव म्हणून पुरें नाहीं, पण टीकाकारांची झडती म्हणून पुरेसें आहे.

८

द्रव्य व समाधान यांचा असाच प्रश्न दुसऱ्या एका मराठी ख्रिस्ती घरांत वेगळ्या रूपानें दिसतो. कवि नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला व पुढें अहमदनगर येथें अमेरिकन मराठी मिशनमध्यें काम केलें. १९१७ सालीं त्यांनीं मिशनच्या वेतनाची चाकरी सोडली, आणि ‘देवाचा दरबार’ स्थापून ख्रिस्ती संन्याशाचें जीवन पत्करलें. परदेशी पैशावर जगणारा उपदेशक स्वदेशीयांच्या मनांत शिरूं शकत नाहीं, हा त्यांचा अनुभव त्यामागें होता. दोन वर्षांनीं, १९१९ सालीं, ते वारले. टिळकांचा हा त्याग थोर होता. परंतु लक्ष्मीबाई टिळकांचें १९३४ पासून प्रसिद्ध झालेलें ‘स्मृतिचित्रें’ वाचणारास त्याची दुसरी बाजूहि दिसते. हातांत आलेला पैसा ज्याला त्याला देऊन टाकणारा पुरुष समाधानी असतो; संध्याकाळच्या चुलीची काळजी मात्र घरांतील स्त्रीला करावी लागते.

गंगामुळास अनंतशास्त्र्यांच्या दारीं अतिथि येत तेव्हां त्यांना रांधून वाढणारी स्त्रीहि लक्ष्मीबाईच होती. रमाबाईंनीं आईच्या चुलीजवळून हें सारें पाहिलें होतें. म्हणून त्यांच्या द्रव्यविचारांत विरक्त पुरुषाची निश्चिंतता नाहीं. घर चालविणाऱ्या स्त्रीची जबाबदारी आहे. दोन हजार तोंडांना उद्यां काय घालावयाचें, हा प्रश्न त्यांनीं कोणावर ढकलला नाहीं. तो त्यांनीं स्वतः उचलला, दिवसभर त्यासाठीं राबल्या, आणि रात्रीं देवापाशीं ठेविला. टिळकांनीं पैशाचा संबंध तोडून मोकळीक मिळविली. बाईंनीं संबंध ठेवून मोकळीक मिळविली, आणि दुसरी गोष्ट पहिलीपेक्षां सोपी नाहीं.

ख्रिस्ती शास्त्रांत समाधानाचा जो आधारभूत उतारा मानतात तो संत पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांतला असून, तें पत्र बंदिवासांतून लिहिलेलें आहे. तेथें पौलानें वापरलेला ग्रीक शब्द स्टोइक तत्त्वज्ञांच्या परिचयाचा होता. त्यांच्या मतें समाधानी तो, ज्याला बाहेरच्या कशाचीच गरज नाहीं. पौलानें शब्द तोच ठेवून अर्थ फिरविला. त्याला विपुलतेंतहि राहतां येतें व उणिवेंतहि, कारण त्याचें बळ त्याचें स्वतःचें नाहीं. आपल्याकडे पातंजल योगांत संतोष हा नियमांपैकीं एक सांगितला आहे, आणि तुकोबांनीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविल्याची कथा वारकऱ्यांच्या घरोघरीं सांगतात. तेव्हां द्रव्याच्या पलीकडील समाधान ही कांहीं ख्रिस्ती धर्मानें महाराष्ट्रांत नव्यानें आणिलेली वस्तु नव्हे. रमाबाईंनीं जें नवें केलें तें हें कीं, हें समाधान त्यांनीं एकांतांतून काढून जमाखर्च, विहीर, घाणा आणि भटारखाना यांच्यामध्यें आणून बसविलें.

९

बाईंचीं शेवटचीं वर्षें एका मोठ्या ग्रंथकार्यांत गेलीं. बायबलाचें भाषांतर साध्या खेडवळ स्त्रीसहि समजावें म्हणून त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संबंध ग्रंथ मराठींत उतरविला, आणि तो मुक्तींतील स्त्रियांच्या हातूनच छापविला. ज्या कन्येस त्यांनीं आपल्या कामाची वारस म्हणून घडविलें ती मनोरमा १९२१ च्या जुलैंत वारली. पुढें नऊ महिनेहि न होतां, ५ एप्रिल १९२२ रोजीं, रमाबाईंनीं देह ठेविला. भाषांतरित बायबल संपूर्ण असें १९२४ सालीं बाहेर पडलें. केडगांवची संस्था आजहि चालू आहे.

या सर्व वृत्तांतावरून निष्कर्ष काढावयाचा तो असा. धर्मांतर पैशासाठीं झालें, हें रमाबाईंच्या बाबतींत कागदपत्रांशीं जुळत नाहीं. त्यांनीं जेथून पैसा मिळे तेथेंच वाद घातला. पैशाची त्यांस पर्वा नव्हती, हेंहि जुळत नाहीं. त्यांनीं पैसा मिळविला, मोजला, जमिनींत व यंत्रांत घातला, आणि त्याचा हिशेब दिला. त्यांचें समाधान पैशाच्या अभावांत नव्हतें व विपुलतेंतहि नव्हतें. वडिलांच्या घरीं द्रव्य पुण्यासाठीं वेंचलें गेलें, बोस्टनच्या मंडळानें तें अटीवर दिलें, केडगांवीं तें दिवसापुरतें आलें. आणि या तिन्हींपैकीं शेवटच्या अवस्थेंत बाई सर्वांत निर्भय दिसतात. त्यांच्या पत्रांतील सूरहि याची साक्ष देतो. इंग्लंडांत आश्रितपणानें राहतांना तो धारदार व अस्वस्थ आहे. केडगांवीं, जबाबदारी शतपट वाढल्यावर, तो शांत झाला आहे. ज्याला त्या अक्षय निधि म्हणत तो कोणत्या पेढींत होता, याचें उत्तर धर्मशास्त्र देईल. त्याचें व्याज मात्र दुष्काळांतून जगलेल्या मुलींच्या रूपानें इतिहासास मोजतां येतें.